डाव्या सीटवरची बाई

बाईंना सगळीकडे ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती! पण बाईंची पाठ वळली की सुरू. कारण गाडी शिकवताना बाई बोलायच्या कमी आणि ब्रेक जास्त मारायच्या. शिकणारा स्टिअरिंगवर, बाई त्याच्या शेजारी डाव्या सीटवर, आणि बाईंच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. शिकणारा समोरच्या भिंतीच्या प्रेमात पडल्यासारखा सरळ निघाला की गाडी अशी गपकन थांबायची की पोटातला चहा घशाशी यायचा. मग बाई अगदी शांतपणे विचारायच्या, "भिंत दिसली होती का?"

गाडी पण बाईंसारखीच, जुन्या वळणाची. फुगीर बॉनेट, गोल गोल दिवे, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला. रंग मूळचा निळा. मूळचा म्हणायचं कारण क्लास बंद पडल्यावर ती घराच्या बाजूच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. आधी बाई अधूनमधून जाऊन चालू करून बघायच्या. मग गुडघा धरला. मग बॅटरी मेली. मग गंजाने तिथे संसारच थाटला, आधी दाराच्या कडेला, मग चाकांच्या वर, मग जिथे बोट लावावं तिथे. मागच्या सीटवर मांजरीने पिल्लं घातली तेव्हा भाऊ म्हणाला, "चला, कोणाच्या तरी उपयोगाला आली."

भाऊ म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, त्याच घरात वरच्या मजल्यावर बायकोसोबत राहायचा. ताईवर त्याचा जीव, पण शेडवर डोळा. एक दिवस तो भंगारवाल्यालाच घेऊन आला. भंगारवाल्याने गाडीभोवती फेरी मारली, चाकाच्या वर एक हलकी लाथ घातली आणि तिथली एवढी मोठी खपली पायावर पडली तसा मागे सरकला.

"यात लोखंड कुठंय?" तो म्हणाला. "नुसता गंजच आहे."

बाई गॅलरीतून बघत होत्या. काठी टेकत खाली आल्या. "तुझ्या बापाने याच गाडीत लायसन काढलं. विचार घरी जाऊन. चारदा नापास झाला होता, तेव्हा हिला लाज नाही वाटली त्याची."

भंगारवाला गेला. भाऊ तोंड पाडून वर गेला. आणि बाईंनी त्याच दिवशी डेंटरला बोलावलं.

डेंटर म्हणजे जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारा, आणि त्याचं वेड असलेला माणूस. नवीन गाडीला पोचा आला तर दुसऱ्याकडे पाठवायचा, म्हणायचा, प्लास्टिकला मी हात लावत नाही. त्याने खाली वाकून दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. नुसता टेकवला हो! चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"बाई, खरं सांगू की बरं सांगू?"

"खरं."

"हिच्यावर जेवढा खर्च होईल ना, त्यात छोटी चांगली गाडी येईल. वर पेट्रोलला उरतील."

"आणि बरं काय होतं?"

"इंजिन अजून जिवंत आहे."

झालं! बाईंना तेवढंच पुरलं.

आता प्रश्न पैशाचा. बाईंकडे पैसे होते, पण ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले. उजवा गुडघा. डॉक्टर एक्सरे बघून चक्रावलेच होते, डावा ठीक आहे, मग हा एकटाच एवढा झिजला कसा? बाईंनी एक्सरे पाकिटात परत घातला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारला की काय होतं, हे डॉक्टरांना काय सांगणार.

रात्री जेवताना घरात रणकंदन.

"ताई, गाडीला नवीन पाय आणि तुम्ही काठीवर?" भावजय म्हणाली. "लोक तुम्हाला काही नाही म्हणणार, मला म्हणतील."

"तुला गाडी हवीये की गुडघा, एक काय ते ठरव," भाऊ म्हणाला.

"गुडघा नवा करून जाऊ कुठे?" बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात? गाडी झाली की क्लास परत सुरू करते. क्लासच्या पैशातून गुडघा. आमटी वाढ."

भाऊने कपाळाला हात लावला. भावजयीने आमटी वाढली, पण जरा आदळूनच.

डेंटर गाडी न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "कशी करू? चालण्यापुरती?"

"चालण्यापुरती कशाला? कंपनीतून बाहेर पडली तेव्हा होती, तश्शी."

"मग नंतर बसवलेलं सगळं काढावं लागेल हां."

"काढ ना! तो वरचा कॅरियर काढ, तो भलत्याच गाडीचा आरसा काढ, आणि भावाने लावलेला स्पीकर तर आधी काढ."

सुरुवातीला बाई वरचेवर वर्कशॉपला जायच्या. स्टुलावर बसून बघायच्या. सडलेला पत्रा कापला जायचा, नवीन ठोकून ठोकून वळवला जायचा, वेल्डिंगचा जाळ उडाला की बाई डोळ्यांवर पदर धरायच्या. पुढे पुढे गुडघा पायऱ्याच उतरू देईना. मग फोनवर. "आली का रंगावर?" "येतेय बाई, येतेय, घाई करू नका."

आणि मग एकदाची झाली. भाऊ आणि भावजय बाईंना दोन्ही बाजूंनी धरून वर्कशॉपला घेऊन गेले. डेंटरने वरचं कापड ओढलं.

बाप रे. निळी म्हणजे काय निळी! दिव्यांच्या कडा चकचकीत, दारं उघडताना हुं की चूं नाही. भाऊच्या तोंडून "आयला" निघून गेलं आणि भावजयीने त्याला कोपर मारलं. बाईंचे डोळे भरून आले होते. त्या सरळ डावीकडे गेल्या, दार उघडून आपल्या सीटवर बसल्या, आणि सवयीने पाय पुढे केला.

पायाला काही लागलंच नाही.

बाईंनी वाकून बघितलं. नवी कोरी चटई, खाली गुळगुळीत पत्रा. पेडल नाहीत.

"माझे पेडल?"

"काढले की," डेंटर म्हणाला. तो अजून खुशीतच होता. "कंपनीतून आली तशी म्हणालात ना."

"अरे, पण पेडल..."

"बाई, कंपनी दुसरे पेडल देते होय? ते कुठल्यातरी मेकॅनिकने खाली भोकं पाडून बसवलेले. आणि सांगू का, खालचा पत्रा सडायला सुरुवात तिथूनच झालेली. त्याच भोकांतून पाणी शिरत होतं इतकी वर्षं. मस्त बंद करून टाकलंय सगळं."

बाईंना तेव्हा आठवलं. गाडी घेतली ती आधी थेट मेकॅनिककडेच गेली होती, त्याने ते पेडल बसवले आणि त्यानंतरच बाई पहिल्यांदा तिच्यात बसल्या होत्या. पेडलशिवाय ही गाडी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. त्यांच्या डोक्यात ती कारखान्यातूनच तशी आलेली. डेंटरवर काय चिडणार? जे सांगितलं तेच त्याने केलं होतं, आणि किती सुंदर केलं होतं.

"परत बसव," बाई हळूच म्हणाल्या.

डेंटरचा चेहरा उतरला. "हिला आता भोक पाडू? बाई, माझा हात नाही धजायचा."

बाईंनी त्याच्या हाताकडे बघितलं, बोटाबोटाला भाजल्याचे डाग होते. मग त्यांनी उतरून दार अलगद लावलं.

घरी गाडी भाऊने आणली, आणि तिथून उलटंच सुरू झालं. ज्याला शेड रिकामी हवी होती तो सकाळी उठून मऊ फडका घेऊन शेडमध्ये. चप्पल बाहेर काढून आत शिरायचा! भावजय काळा चष्मा लावून भाजी आणायला गाडीतून जायला लागली. शेजाऱ्यांनी दाराला हात लावला तर भाऊ वरून ओरडायचा, "अहो, डाग पडतात!"

बाई गॅलरीत बसून बघत राहायच्या. गुडघ्याचे पैसे गेले. क्लास काही सुरू होत नाही, कारण ब्रेकशिवाय शिकवायचं म्हणजे देवाच्या भरवशावर. दोघीतिघी विचारून गेल्या, "बाई, कधीपासून येऊ?" बाई म्हणायच्या, "सांगते."

मग डेंटरच्या ओळखीचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन आला. गाडीखाली आडवा होऊन बघून आला. सगळं मूळच्यासारखंच आहे, एक भोक वाढीव नाही, म्हणून एवढा खूश झाला की त्याने सांगितलेला आकडा ऐकून भाऊला ठसकाच लागला.

"देते," बाई म्हणाल्या.

"काय देते?" भाऊ उठूनच उभा राहिला. "ताई, काळीज आहे का दगड? घराची शान आहे ती!"

"तूच भंगारवाला आणला होतास."

"तेव्हा ती भंगार होती!"

भावजयीच्या डोळ्यांत तर खरंच पाणी. "ताई, तुमचा एवढा जीव होता ना तिच्यात? गुडघा घालवलात तिच्यापायी."

"मलाही तसंच वाटत होतं गं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मी गाडीसाठी झुरतेय. मला शिकवायचं होतं. ही आता नुसती बघायची गाडी झाली. तुम्ही दोघं बघाल दिवसभर, पण मी काय करू?"

भाऊ दोन दिवस रुसून बसला. न्यायला माणूस आला तेव्हा मात्र त्यानेच गाडी शेडमधून बाहेर काढून दिली, आणि शौकीनाला इतक्या सूचना दिल्या, इतक्या दिल्या, की तो बिचारा म्हणाला, "तुम्ही पण चला हवं तर."

मग गुडघा झाला. बाई आधी घरात चालल्या, मग गॅलरीत, मग खाली. उरलेल्या पैशात एक वापरलेली छोटी गाडी आली. करडी, कुठल्याही गल्लीत दहा दिसतील अशी. भाऊने तिला नाव ठेवलं, साबणाची डबी. बाई ती घेऊन वर्कशॉपला गेल्या.

डेंटरने नाक मुरडलं, पण बाई होत्या म्हणून वाकून खाली बघितलं. पत्र्यावर बोटाने टकटक केलं.

"पत्रा चांगला आहे बाई. पेडलसाठी भोकं पाडली की इथूनच गंज लागणार, आत्ताच सांगून ठेवतो."

"किती वर्षांत?"

"तशी तुम्ही असेपर्यंत काही..." डेंटर एकदम थांबला आणि त्याने जीभ चावली.

बाई इतक्या हसल्या की काठी सुटलेली असूनही त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं.

"मग पाड," त्या म्हणाल्या. "आणि ब्रेक जरा माझ्या पायाजवळ घे. नवीन गुडघा आहे, उगाच ताणायला नको."