भावाला ऐकू येणारे आवाज

माझा धाकटा भाऊ काष्टीहून श्रीगोंद्याला कॉलेजात जायला लागला, त्याच वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले.

"ताई, उसात दोघंजण बसल्यात," तो मला सांगायचा. "मी जेवायला लागलो की म्हंत्यात, बघ, जेवतोय."

मी उसात शिरून बघून यायचे. कुणी नसायचं. आमचे वडील, आण्णा, म्हणायचे, "कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय न्हाई." आईनं देवऋषीकडून ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला. पुढं तो अंघोळ करीना, कॉलेजला जाईना. मग मात्र आण्णांनी त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. तिथं आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं: स्किझोफ्रेनिया.

औषधं सुरू झाली. काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तरुण मुलांच्या मेंदूत या आजारात काय होतं, याचा आम्ही अभ्यास करतोय. मेंदूचे फोटो घ्यायचे आहेत. यानं आजार बरा होणार नाही, आणि तुम्ही नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत."

भावानं विचारलं, "आवाज दिसत्याल का त्यात?"

"आवाज नाही दिसणार. ते ऐकू येताना तुझा मेंदू काय करतो, ते दिसेल."

"मंग घ्या."

त्यांना निरोगी बहीणभावंडांचेही फोटो हवे होते, म्हणून मीही तयार झाले. फोटो घ्यायच्या यंत्रात धातू चालत नाही. मी कानातलं काढलं, भावानं ताईत सोडून आण्णांच्या हातात दिला. त्याच्या मुठीत एक बटण दिलं होतं. आवाज आला की दाबायचं, थांबला की सोडायचं. काचेतून मला त्याचे नुसते पाय दिसत होते. आण्णा काचेला नाक लावून उभे होते.

नंतर मी आत गेले. कानात बोळे घालूनही यंत्र मळणीसारखं धडधडत होतं. मान हलवायची नव्हती. ही धडधड माझ्या डोक्याच्या आत बघतेय, आत्ता मला जे वाटतंय तेही कुठंतरी उमटत असेल, या विचारानं अंगावर काटा आला.

बाहेर आल्यावर बाईंनी पडद्यावर आम्हा दोघांचे मेंदू शेजारी शेजारी दाखवले. करड्या रंगाच्या घड्याच घड्या. "यातला आजारी कंचा?" आण्णांनी विचारलं.

"नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळ मुलांचे फोटो एकत्र तपासले तरच काही हाती लागतं."

मी कितीतरी वेळ बघत राहिले. एका आईच्या पोटची आम्ही दोघं, आणि इतकं सारखं असूनही त्यातल्या एकात कुणीतरी बोलत होतं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बटणाच्या तपासणीचं चित्र तयार होतं. बाईंनी कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या नारिंगी ठिपक्यावर बोट ठेवलं. "बाहेरचं बोलणं ऐकताना मेंदूचा हा भाग काम करतो. यानं बटण दाबलं तेव्हा खोलीत कुणीच बोलत नव्हतं. तरीही हा भाग कामाला लागलेला दिसतोय."

आण्णा खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ गेले. त्या ठिपक्याला हात लावायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

"म्हंजी त्याला खरंच ऐकू येत हुतं?"

"हो. बाहेर कुणी नव्हतं, पण त्याला ऐकू येत होतं."

"मी सांगत हुतो की, आण्णा," भाऊ म्हणाला. आण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, फार अलगद, जणू आत काही नाजूक आहे हे त्यांना आजच कळलं होतं.

औषधांनी आवाज पुरते गेले नाहीत, पण दबले. भाऊ सकाळी डेअरीला दूध घालून येतो, यंदा परीक्षेचा फॉर्मही भरलाय. ताप उतरला का विचारावं तसं आण्णा विचारतात, "आज बोलत्यात का रं?"

"बोलत्यात थोडं," तो म्हणतो आणि किटल्या धुवायला घेतो.