नाकावरचा पारा

श्रूजबरी या परदेशी गावात सुनेत्रा बाक्रेला जेवायला बोलावलं की यजमानीणबाई चांदीची भांडी आधी कपाटात लपवतात. कारण सुनेत्रा जेवायला बसण्यापूर्वी वाटी उचलते, उजेडात धरते आणि म्हणते, "बरीच भेसळ आहे गं हिच्यात." अपमान करायचा तिचा हेतू नसतो, आपण माहिती देतोय, असं तिला मनापासून वाटतं. नवरा विक्रम टेबलाखालून पायाने ढोसतो. तिला वाटतं, टेबल डगमगतंय. मग ती टेबलाबद्दलही बोलते.

नागपुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या या बाईला पन्नाशीत एका लहानशा म्युझियमच्या लॅबमध्ये नोकरी लागली. प्राचीन चिनी वस्तू कशाच्या बनल्यात, ते शोधायचं. त्यासाठी तिच्याकडे हेअर ड्रायरसारखं दिसणारं एक यंत्र आहे. त्याचं नाक वस्तूला टेकवायचं आणि घोडा दाबायचा. क्ष-किरण आपलं काम करतात आणि स्क्रीनवर तांबं, कथील, शिसं यांचे लहानमोठे डोंगर उभे राहतात. वस्तूला ओरखडासुद्धा नाही. नोकरी मात्र कच्ची, डिसेंबरपर्यंतचीच. पुढे ठेवायचं की नाही ते बॉस मार्गारेट ठरवणार होती, आणि सुनेत्राला ती नोकरी इतकी हवी होती की ती स्वतःहून म्युझियमची काचेची कपाटंही पुसायची.

अशात ऑक्टोबरात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक काशाचा आरसा तपासताना स्क्रीनवर पाऱ्याचा डोंगर दिसला.

"पारा!" एरवी कुजबुजत बोलणाऱ्या मार्गारेटने चक्क टाळी वाजवली. "म्हणजे आरशाला पाऱ्याची झिलई असणार! गुरुवारी ट्रस्टींना सांगते."

सुनेत्राने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "अरे, पारा सापडला!"

"थर्मामीटर फुटला का?" विक्रमने विचारलं.

बुधवारी तिने उरलेले आरसे घेतले. दुसऱ्यात पारा. तिसऱ्यात पारा. सातही आरशांत पारा निघाल्यावर तिला यंत्राचीच शंका आली. तिने शुद्ध ॲल्युमिनियमचा ठोकळा तपासला. पारा. मग स्वतःचा चहाचा मग तपासला. दोन हजार वर्षांपूर्वीची ती झिलई मगालाही होती.

तेव्हा तिने यंत्राचं नाक उलटं करून पाहिलं. कडेला लाल कण अडकले होते. पर्समधून तिने एक डबी काढली आणि चिमूटभर कुंकू कागदावर घेऊन तपासलं. पाऱ्याचा डोंगर स्क्रीनमध्ये मावेना. इंडियन ग्रोसरीतलं ते लालभडक कुंकू म्हणजे अर्धंअधिक हिंगूळ होतं, आणि हिंगूळ म्हणजे पारा नि गंधक.

नाक स्पिरिटने पुसून तिने सातही आरसे पुन्हा मोजले. तांबं, कथील, शिसं. पारा नावालाही नाही.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. ती उठली आणि मार्गारेटच्या केबिनमध्ये गेली.

"आरशांत पारा नाही."

"काल तर होता."

"काल होता तो माझा होता."

मार्गारेटने चष्मा काढला. सुनेत्राने एका दमात सांगून टाकलं. "आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. ज्याच्यावर आपलं पोट चालतं, त्याला हळद-कुंकू वाहायचं. माझे बाबा टाइपरायटरला वाहायचे. मी यंत्राला बोट लावलं. मग पुसलं, खरंच पुसलं! पण थोडं राहिलं."

"कुठे लावलंस?"

"नाकाला."

"आणि उद्या मी ट्रस्टींना काय सांगू?"

"आरसे चांगले आहेत, म्हणून सांग. साधे आहेत, पण चांगले आहेत. कुंकवाचं मीच येऊन सांगते."

मार्गारेटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. बॉसला आपण रडवलं, या समजुतीने सुनेत्राने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. मार्गारेटला हसता हसता ठसका लागला, तेव्हा ते पाणी कामी आलं.

"सुनेत्रा," डोळे पुसत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी यंत्राच्या पेटीला लाव. नाकाला नको."

सुनेत्रा "हो" म्हणून बाहेर आली, चार पावलं चालली आणि कॉरिडॉरमध्ये थबकली. मग तिने फोन काढला.

"विक्रम, मी तिला सगळं सांगितलं."

"ओरडली का खूप?"

"अरे, ती 'पुढच्या वर्षी' म्हणाली!"

"पुढच्या वर्षी ओरडणार?"