देओलिंदाला शहर दाखवायचा बेत

बेल्मीरो बायकोशी सरळ भांडणाऱ्यातला नव्हता. त्रेचाळीस वर्षांत त्या आखाड्यात एकदाही जिंकला नव्हता बिचारा. म्हणून या वेळी त्याने डोकं चालवलं.

लक्झेंबर्गला राहणाऱ्या मुलाचा, नेल्सनचा, रविवारी फोन येणार होता. आईबाबांनी कायमचं तिकडे राहायला यायचं की नाही, तेवढं एक त्याला सांगायचं होतं. देओलिंदा नातीसाठी एका पायावर तयार होती. बेल्मीरोचा पाय मात्र लिस्बनमधून निघत नव्हता. सारा जन्म त्याने या शहराच्या रस्त्यांवर गुडघे टेकून फरसबंदी केलेली, पांढरा दगड, काळा दगड, त्यांची नक्षी. ते सोडून म्हातारपणी परक्या मुलखात जायचं म्हणजे काय! शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "आवर गं. आज तुला शहर दाखवतो. पाहुण्यांना दाखवतात तसं."

"मी इथेच राहते रे, म्हाताऱ्या."

"राहतेस. पाहिलंयस कुठे?"

ते खोटं नव्हतं. देओलिंदाने जन्मभर कचेऱ्यांच्या फरश्या पुसल्या. पहाटे चारला घराबाहेर, उजाडल्यावर परत, मग पोराचं, स्वयंपाकाचं. हे शहर एकदा डोळे भरून पाहिलं की ही बया आपण होऊन नाही म्हणेल, अशी बेल्मीरोची खात्री.

पण नोव्हेंबरला कुणाच्या बेताचं काय पडलंय! कोपऱ्यावर पोचतात तोच पाऊस लागला, आणि लागला तो लागलाच. ट्राममध्ये परदेशी पाहुण्यांची ही गर्दी. देओलिंदाच्या कुशीत कुणाची तरी छत्री टोचत राहिली. धापा टाकत टेकडीवर चढले, तर खाली नदी नाही, पूल नाही, लाल छपरं नाहीत. नुसतं धुकं.

"इथून सगळं शहर दिसतं," बेल्मीरो कसाबसा म्हणाला.

"दिसतंय की. पांढरं आहे," देओलिंदा म्हणाली आणि स्वतःच खो खो हसत सुटली.

एक मात्र होतं, बाई खूश होती. गाडीवरचे भाजलेले चेस्टनट तिने फुंकर घालत खाल्ले, इवल्याशा पेल्यातली चेरीची दारू घेऊन गाल लाल करून घेतले, वर दुसरा पेला मागितला. बेल्मीरोला वाटलं, जमतंय. आता फक्त शेवटचा पत्ता टाकायचा.

तो पत्ता म्हणजे नदीकडचा चौक. तरुणपणी बेल्मीरोने तिथे लाटांची नक्षी केली होती. अख्खा उन्हाळा गुडघ्यांवर. एकेक दगड तळहातावर धरायचा, हातोडीने टवके उडवायचे, जागी बसला नाही तर पुन्हा उचलायचा. पावसात तर ती नक्षी अशी खुलायची की बस्स!

"बघ," तो छाती फुगवून म्हणाला. "या लाटा माझ्या."

देओलिंदा जागच्या जागी उभी राहिली. "ठाऊक आहेत मला."

"तुला कशा?"

"समोर ती बँक दिसते ना? एकोणीस वर्षं तिथे फरशी पुसली मी. रोज पहाटे साडेचारला इथूनच जायचे. पाऊस असला की भिंतीला धरून, कडेकडेने. तुझा दगड ओला झाला की साबण होतो रे. एकदा पडलेच. मनगट मोडलं."

"मनगट? ते तर आपल्या जिन्यावर..."

"जिन्यावर नाही. इथे. त्या तिसऱ्या लाटेवर."

त्या जिन्यापायी घरमालकाशी बेल्मीरो दोन महिने भांडला होता. भर रस्त्यात त्याला खुनी म्हणाला होता. शेवटी स्वतःच लोखंडी कठडा बसवला. घरमालकाने मरेपर्यंत त्याला ओळख दाखवली नव्हती.

"खोटं का बोललीस गं?"

"तू तेव्हा रोज घरी येऊन या लाटांचंच सांगायचास. सूप गार व्हायचं तरी तुझं संपायचं नाही. इतका खूश मी तुला कधी पाहिला नव्हता. तुझ्याच दगडाने मला पाडलं म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?"

बेल्मीरोला लाज वाटली. आणि त्याहून जास्त तिच्यावर अशी माया दाटून आली, की पाणावलेल्या डोळ्यांना समोरचा चौकही दिसेना. आपण हिला शहर दाखवायला निघालो होतो. हिने ते एकोणीस वर्षं अंधारात, जीव मुठीत धरून ओलांडलं होतं, आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

त्याने तिचा दंड घट्ट धरला. दोघं पाऊल पाऊल टाकत चौक ओलांडू लागले.

"काय गं," मधोमध आल्यावर त्याने विचारलं, "नेल्सनकडे रस्ते कसले असतात?"

"डांबराचे."

"पावसात घसरत नाहीत?"

"अजून तरी कुणी घसरल्याचं ऐकलं नाही."

"मग रविवारपर्यंत कशाला थांबतेस? लाव त्याला फोन. सांग, येतोय म्हणून."

देओलिंदा थांबली.

"आणि तुझ्या लाटा रे?"

"त्यांना काय होतंय! पाडायला दुसरं कुणी तरी मिळेल त्यांना. तू फोन लाव."