गच्चीवरचा रेवदंडा

वडील रेवदंड्याच्या घरात घसरून पडले आणि मी त्यांना जयपूरला उचलून आणलं. ‘उचलून’ हा त्यांचाच शब्द. आदर्श नगरातल्या आमच्या घरी रोज चहाबरोबर त्यांचा एकच प्रश्न, “तिकिटाचं बघितलंस?” मी ‘बघतो’ म्हणून पेपरात तोंड खुपसायचो. तिकडे एकटे असताना पुन्हा पडले तर?

दिवाळी आली. त्यांचं मन इथे रमावं म्हणून या वयात मी गच्चीवर मातीचा किल्ला करायला घेतला. तोही रेवदंड्याचा. समुद्राकाठचा पोर्तुगीज तट, आत चर्च, उंच मनोरा, शिपायांच्या बराकी.

“गाव विसरावं म्हणून गावच मांडताय?” बायको म्हणाली. “मतलब, धन्य आहे तुमची.”

इथली बजरी, म्हणजे नदीची वाळू, चिकटेना. तिच्यात कणीक कालवली, तर मनोरा उभा राहण्याआधीच मुंग्यांनी किल्ला सर केला.

शेवटी कसाबसा किल्ला उभा राहिला, तेव्हा वडिलांना हात धरून वर आणलं. त्यांनी तटाभोवती सावकाश एक फेरी मारली.

“समुद्र कुठाय?”

मी निळा कागद दाखवला.

“पूर्वेला?”

“पश्चिमेला पाण्याची टाकी आहे, अण्णा.”

“आणि हे?”

बराकींच्या माथ्यावर सिंहासनावर महाराज, भोवती मावळे. लहानपणापासूनची सवय, किल्ला झाला की हात आपोआप तिथे जातो.

“अरे शहाण्या, महाराजांना फिरंग्यांच्या बराकीत बसवलंस? तिथेच वाढलास ना तू?”

“दहावीपर्यंतच.”

ते हळूच खाली बसले, मावळे उचलून तटाबाहेर मांडू लागले. “ह्यांनी बाहेरून वेढा घालायचा. तोफ इकडे. दरवाजा खाडीकडे.” इथे आल्यापासून एवढं सलग ते बोलले नव्हते. बायकोकडे मी विजयी नजरेनं पाहिलं.

हात झटकत ते म्हणाले, “तिकिटं दोन काढ.”

“दोन?”

“तुला किल्ला पुन्हा दाखवायला हवा. असलं काहीतरी डोक्यात घेऊन फिरतोस.”

बायको जिन्याकडे तोंड करून हसली.

जायची दोन काढली आहेत. परतीची किती काढायची, हे विचारायला मी रोज चहाच्या वेळी तोंड उघडतो आणि त्यात बिस्कीट घालतो.