आधी विरोधातला हात

प्रोफेसर इद्रिस मत मागायचे तेव्हा आधी विरोधकांना विचारायचे. आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो. डाळ करायची की अंडी, एवढाच प्रश्न असला तरी ते पलंगावरून उठून उभे राहत आणि आमच्याइतक्याच मोडक्या हिंदीत विचारत, "पहले बोलो, खिलाफ कौन?" एकही हात वर आला नाही की त्यांचा चेहरा पडे. "जिथे सगळे हो म्हणतात, तिथे कोणीतरी घाबरलेला असतो," असं म्हणून ते निर्णयच पुढे ढकलत.

"अरे प्रोफेसर, खलास करो! भूख लगी है," दिलीपदादा करवादायचा. तो गुहागरचा, साइटवर सळया बांधायचा.

"मिळाला!" प्रोफेसर खूश. "दिलीप लोकशाहीच्या खिलाफ आहे. बोल दिलीप, आम्ही ऐकतोय."

आफ्रिकेतल्या आपल्या देशात ते विद्यापीठात राज्यघटना शिकवत. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथे आहेत. जनरलच्या राजवटीवर टीका केली म्हणून देश सोडावा लागला. इथे ते शिकवण्या घेत. पत्नी हलीमा फुजैराच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. सुट्टी लागली की प्रोफेसर बसने तिकडे जात.

मी इचलकरंजीचा. बाबांनी छापलेली संपाची पत्रकं जेवताना ताटाखाली असायची. 'जाहीर निषेध' हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. इथेही रोज काहीतरी जळजळीत लिहायचो आणि प्रोफेसरांना हिंदीत सांगायचो. ते डोळे मिटून ऐकत.

"चांगलं आहे. पण ज्याला तुझं पटत नाही, त्याने यात बसायचं कुठे? त्याच्यासाठी एक खुर्ची ठेव."

"हुकूमशहाला खुर्ची?" मी उसळलो.

"त्याला नाही रे. त्याला टाळ्या वाजवणाऱ्या गरिबाला."

मग त्यांच्या देशात लोक रस्त्यावर उतरले आणि जनरल पळाला. आंदोलनाचे पुढारी प्रोफेसरांचेच जुने विद्यार्थी. निवडणूक होईपर्यंत हंगामी सरकार तुम्ही चालवा, असा त्यांचा फोन आला. आम्ही मिठाई आणली, नाचलो. प्रोफेसर मात्र उभे राहिले. "मी जाऊ? खिलाफ कौन?"

दिलीपदादाने हात वर केला. "मत जाओ, प्रोफेसर. मार डालेंगे."

ते त्याच्याशेजारी जाऊन बसले, त्याचा हात हातात घेतला. "तुझं खरं असेल. पण पोरं बोलावतायत. वर्गात मीच त्यांना हे सगळं शिकवलं. आता परीक्षा आली तर मास्तरच गैरहजर?"

ते गेले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाइलवर त्यांची भाषणं बघायचो. भाषा कळायची नाही, तरी दिलीपदादा सगळ्यांना दाखवायचा, "आमच्या खोलीतला माणूस!" त्यांनी कैदी सोडले, बंद वर्तमानपत्रं सुरू केली, निवडणुकीची तयारी सुरू केली. तेव्हा हंगामी सरकारातल्या लष्करी अधिकाऱ्यांनी मंत्रिमंडळात ठराव आणला: देश अजून तयार नाही, निवडणूक लांबवावी, प्रोफेसरांनीच पदावर राहावं. बाकी सगळे हात ठरावाच्या बाजूने वर गेले. विरोधात एकच मत पडलं, ते स्वतः प्रोफेसरांचं. त्याच संध्याकाळी रेडिओवर जाऊन त्यांनी मतदानाची तारीख जाहीर करून टाकली.

मी फोन केला तेव्हा ते हसले. "खोलीत फार जण घाबरलेले होते रे. मला धरून."

मतदान झालंच नाही. त्याआधीच लष्कराने त्यांना घरात कोंडलं. मधुमेहाची औषधं आत जाऊ दिली नाहीत. काही आठवड्यांनी सरकारी बातमी आली की ते हृदयविकाराने गेले. पार्थिव कुटुंबाला मिळालं नाही.

दिलीपदादा आणि मी फुजैराला गेलो. हलीमाबाई कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मी वाटेत वाक्यं जुळवली होती. "मॅडम, प्रोफेसर हरले नाहीत. इतिहास..."

"पुरे," त्या म्हणाल्या. "इतिहास माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ होता. लष्करवाले माझ्या नवऱ्याला पद देत होते. घे म्हणून मी फोनवर रडले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नेहमीसारखं. आणि मग नाही म्हणाला." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू लिहितोस ना? मग सांग, मी काय करू?"

दिलीपदादा उठून स्वयंपाकघरात गेला आणि न विचारता चहा ठेवला. प्रोफेसरांनी केलं तेच बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या बाईंच्या तोंडावर ते मला म्हणता आलं नाही. तेव्हापासून कुठल्याही मरणाला हौतात्म्य म्हणायला माझा हात धजावत नाही.