अकरावी खेळाडू

हॉर्नबी या आमच्या उपनगरातून माझ्या ऑफिसकडे जाणारी सकाळची बस रोज एकच बाई चालवायची. पन्नाशीची, वेल्समधून आलेली. सिग्नलला थांबली की उजव्या हाताची दोन वाकडी बोटं स्टिअरिंगवर दाबून सरळ करत बसायची. मी रोज "मॉर्निंग" म्हणून मागे जाऊन बसायचे. एवढीच ओळख.

एकदा कुणाच्या तरी पिशवीतून पडलेलं संत्रं घरंगळत आलं. मी ते बुटाखाली अलगद थांबवलं. तिने आरशात पाहिलं असणार. उतरताना म्हणाली, "फुटबॉल खेळतेस ना गं? आमच्या रविवारच्या टीमला एक जण कमी आहे."

मी मानेनेच नाही म्हटलं. शाळेत पाच वर्षं टीममध्ये होते, तरी.

"खोटारडी!" ती हसली. "मी तिकडे बायकांच्या टॉप लीगमध्ये गोलकीपर होते. एकच सीझन. बोटं मोडली, म्हटलं पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष आलंच नाही. तू ये."

"बघते," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून नंतरची बस धरायला लागले.

सीझनच्या शेवटच्या रविवारी मात्र मैदानावर गेले आणि कुंपणापाशीच उभी राहिले. त्या दहाच जणी खेळत होत्या. गोलमधून तिने मला पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा खेळाकडे वळली. नवे बूट माझ्या बॅगेत होते. तिने हाक मारली असती तर गेले असते, असं मी अजून स्वतःला सांगते. पण हाक तर तिने आधीच मारली होती.