भिंतीमागचा भोपळा

लडकू गोमा तरे, वय अंदाजे साठ, राहणार राहनाळ, तालुका भिवंडी. सदर इसम गोदाममालक असून भाडे हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे. शेतीशी संबंध: निरंक.

२००४ साली भातखाचरांवर गोदामं उभी राहिली, तेव्हापासून हे वर्णन खरं होतं. भिंतीमागे एक पट्टा तेवढा उरला, तिथं ट्रक वळत नव्हता म्हणून. लडकूंनी त्यात भोपळ्याचा वेल लावला. बाजारात भोपळे ढिगानं होते. पण आपल्या जमिनीतलं काहीतरी पुन्हा पानात पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. वेल फुलायचा, बोटाएवढे भोपळे दिसायचे, पिवळे पडून गळायचे. लडकूंनी आधी बियाण्याला शिव्या दिल्या, मग सिमेंटच्या धुळीला.

दुसऱ्या वर्षी गौरींना वज्रेश्वरीहून थोरली बहीण आली. आक्का वेलापाशी कान देऊन उभी राहिली.

"लडक्या, भुंगा कुठं हाय?"

"ट्रक हायत की गुणगुणायला."

"मंग नर फूल तोड न् मादीवर घास."

"मी काय लग्नं लावायला भटजी हाय?"

पुढच्या पावसाच्या तोंडाशी आक्का एसटीनं भारंगीची मुळं घेऊन आली. पाऊस सरताना फुलणारं रानातलं झुडूप. एकदा रुजलं की दरवर्षी फुटतं. भुंग्याला इथं खाणं मिळालं तर तो येईल, आणि आला की भोपळ्याकडंही डोकावेल, असा तिचा हिशोब.

दोन वर्षांनी भारंगी निळीपांढरी फुलली. काळे भुंगे आले. लडकू रोज सकाळचा चहा भिंतीमागं घेऊ लागले. भुंगे मात्र भारंगी सोडून हलत नव्हते.

गौरी आल्या, आक्का आली. सून दिपालीनं आत्यांसाठी वाल घालून खास भाजी केली. पानाकडं पाहून लडकूंचा हात थांबला.

"ही फुलं कुठली?"

"आपलीच की, बाबा. मागची. सगळी खुडली. आत्यांना आवडते ना!"

आक्का दुसऱ्यांदा वाढून घेत होती. "तोंड पाडू नको. मुळं हायत ना जाग्यावर?"

"भुंगे काय मुळं खातील?"

"तुला नको तर आण इकडं."

आपल्या जमिनीतलं काहीतरी पानात पडलं होतं, हे लडकूंच्या लक्षात आलं नाही.

सकाळी ते भिंतीमागं गेले. एक भुंगा रिकाम्या दांड्यांभोवती घिरट्या घालत होता. बराच वेळ घातल्या. मग वळला आणि भोपळ्याच्या पिवळ्या फुलात शिरला; तिथून दुसऱ्यात. लडकूंच्या चहावर साय धरली.

दिवाळीत तऱ्यांकडे घारगे झाले. भोपळा घरचा होता.